एका ‘अरे’ची पैज

पैज लागली ती गॅसमुळे. गॅस बंद केला होता, एवढंच त्याचं कारण.

रविवारची सकाळ. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिघं जण प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून चहा पीत बसलेले. एक लिफ्टवाले. वय बावन्न, अर्धी हयात लोकांच्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली, नखांतलं ग्रीस आता साबणालाही ओळख देत नव्हतं. दुसरा जिम. त्याला जिम म्हणायचे कारण तो रोज दोनदा जिमला जायचा आणि उरलेला दिवस जिमला जाऊन आल्याचं सांगण्यात घालवायचा. केस काळेकुळकुळीत, घाम आला की थोडे कॉलरवर उतरायचे. वय विचारलं की छाती पुढे काढून म्हणायचा, “अठ्ठेचाळीस.” ही अठ्ठेचाळिशी बिल्डिंगने बरीच वर्षं पाहिली होती. तिसऱ्या सिस्टर, तळमजल्यावर राहणाऱ्या. मोठ्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या. त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला कधी ना कधी सुई टोचली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणाचा आवाज चढत नसे.

जिमचं नेहमीचं पुराण चालू होतं. “काल बायको म्हणते कशी, राजा, तू अगदी होतास तसाच आहेस!”

“तसाच म्हणजे? बिनकामाचा?” सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यातून लिफ्टवाल्यांची बायको उतरली. खांद्याला पिशवी, पायात चपला, नजर उभ्या स्कूटरांवर. न थांबता म्हणाली, “गॅस बंद केलाय. जेवण झाकून ठेवलंय. किल्ली सिस्टरांकडे.” आणि गेटातून बाहेर.

जिमने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. “वहिनी कोणाशी बोलल्या?”

“माझ्याशी,” लिफ्टवाले म्हणाले.

“कशावरून? मला वाटलं स्कूटरशी.”

“गॅस माझा, जेवण माझं. मग माझ्याशीच ना?”

“अरे, पण हाक कुठे होती त्यात? अहो नाही, ऐकलंत का नाही. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून टपाल टाकतो. तुझं तर बिनपत्त्याचं टपाल आहे, लेका! ज्याच्या पायाशी पडलं त्याचं!”

सिस्टरांना हसू आवरेना. लिफ्टवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माणूस एरवी गरीब. पण गरीब माणूस चिडला की नेमका नको ते बोलतो.

“तुला काय ठाऊक? मला अरे म्हणायची ती. अरे! तोंडावर!”

“कधी?”

“लग्नाआधी.”

“म्हणजे तुला पुरतं ओळखत नव्हती तेव्हा,” जिम खिदळला. “आता म्हणून दाखवायला सांग की. महिनाअखेरपर्यंत एकदा, फक्त एकदा, साक्षीदारासमोर वहिनींनी तुला अरे म्हणावं. लाव पैज!”

“लाव!”

“हरणाऱ्याने काय करायचं?”

दोघांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी कपातला शेवटचा घोट घेतला. “पैशाबिशाचं नाव काढू नका. हरेल त्याने इथेच, सगळ्यांसमोर, कान धरून उठाबशा काढायच्या. जेवढं वय तेवढ्या. आणि बायकोला विचारून म्हणवून घ्यायचं नाही. तिला पैज कळल्यावर म्हटलेलं ‘अरे’ धरायचं नाही.”

वयाचा विषय निघताच जिमचा चेहरा जरासा उतरला. पण त्याने पटकन तो दंडासारखा फुगवून घेतला.

---

आता या ‘अरे’ची जन्मकथा अशी. लिफ्टवाले तेव्हा नवे नवे कामाला लागलेले. एका ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत एक मुलगी. हे बाहेरून सभ्यपणे सांगतायत, “बाई, शांत राहा, घाबरू नका.” आणि आतून आवाज, “अरे, शांत काय राहा! उघड ना रे!” दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, “अरे, तू तर एवढासाच आहेस!” पुढच्या आठवड्यात ती लिफ्ट काही कारण नसताना तीनदा तपासली गेली.

लग्न झालं आणि सासूबाईंच्या धाकाने ‘अरे’चं ‘अहो’ झालं. तेही गोड होतं. मग त्या ‘अहो’चा ‘ह’ कधीतरी गळून पडला आणि नुसता ‘ओ’ उरला. रिक्षा थांबवायला घालतात तसा. लिफ्टवाल्यांना तो भारी लागायचा. नवरा आहे का भाड्याचं वाहन? त्यामुळे त्यांनी त्या ‘ओ’ला ओ द्यायचं कमी केलं. पुढे ‘ओ’ही बंद पडला आणि सगळं बोलणं मुलीमार्फत जाऊ लागलं. “तुझ्या बाबांना सांग, टॉवेल वाळत घाला.” “आईला सांग, घातलाय.” गेल्या वर्षी मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घरातलं टपालखातंच बंद झालं. तेव्हापासून बायको हवेत बोलायची. दूध उतू जातंय, वीज गेलीय, पंखा कुरकुरतोय. ज्याला समजायचं त्याने समजावं.

जिमच्या हसण्याचं लिफ्टवाल्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. टोचलं ते वेगळंच. दुपारी झाकून ठेवलेलं जेवताना त्यांच्या मनात आलं, उद्या या खुर्चीत मी नसलो, तरी ही असंच म्हणेल, जेवण झाकून ठेवलंय. मी असण्यात आणि खुर्ची असण्यात हिला काही फरक पडतो का? पैज जिमशी होती खरी, पण उत्तर बायकोकडून हवं होतं. आणि त्या उत्तराची त्यांना मनापासून धास्ती होती.

पहिला प्रयोग शर्टाचा. गडद निळा, अंगासरसा, वर अत्तर. बायकोने दारातच हुंगलं. “कोणाचं लग्न आहे का?” हेही हवेतच.

दुसरा प्रयोग दचकवण्याचा. लिफ्टवाल्यांचा हिशोब असा की दचकलेलं माणूस पहिलं ‘अरे’ म्हणतं. म्हणून त्यांनी ती पाठमोरी असताना पातेल्यांची उतरंड धाडकन पाडली. ती ओरडली, “आई गं!” मग बराच वेळ सगळी पातेली यांनाच परत घासायला लागली. एक झाकण ओट्याखाली गेलं ते महिनाभर निघालं नाही.

तिसरा प्रयोग मात्र खानदानी होता. जिथे ‘अरे’ जन्मलं तिथेच ते पुन्हा उगवायचं. लिफ्टमध्ये! बिल्डिंगच्या लिफ्टची देखभाल यांच्याकडेच. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन त्यांनी एक टायमर जोडला. दार लागलं, लिफ्ट निघाली की दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये आपोआप थांबेल आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होईल. तेवढ्यात हे हिमतीने चार शब्द बोलणार, ती घाबरून हात धरणार, आणि मग बघा! साक्षीला सिस्टरांना तिसऱ्या मजल्यावर, यांच्याच घरासमोर, कशाच्या तरी निमित्ताने उभं करायचं ठरलं.

संध्याकाळी बायको कामावरून आली. हे तिच्यामागून लिफ्टमध्ये शिरले. दार लागणार तोच एक दंड आत आला, मागून जिम, हातात पावडरीचा भलामोठा डबा.

“थांबा थांबा! वहिनी, सरका जरा.”

“तुम्ही जा भाऊजी. माझा पाव आणायचा राहिलाय,” म्हणत बायको बाहेर पडली. आणि दार लागलं.

लिफ्टवाल्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत लिफ्ट हलली, चढली आणि ठरल्याप्रमाणे, अगदी इमानदारीत, थांबली.

जिमचा चेहरा पांढरा पडला. “का थांबली?”

“होईल चालू. टायम... म्हणजे, जरा वेळाने.”

पण टायमर होता जुन्या सामानातला. तो चिकटून बसला तो बसलाच. जिमने आधी डबा खाली ठेवला, मग टेकायला भिंत शोधली, मग लिफ्टवाल्यांना मिठी मारली. “दादा, वाचव रे! मला बंद जागेत गुदमरतं!”

“रोज जिममध्ये वजनं उचलतोस ना?”

“तिथे खिडक्या असतात!” आणि त्याने असा काही गळा काढला की पाचव्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी खुडबुड झाली. जिम ओरडला, “वहिनी आल्या! वहिनी, आम्ही आत आहोत!”

“काय म्हणतेय ती?” लिफ्टवाल्यांनी विचारलं.

“तुला ऐकू नाही येत? विचारतात, काय करू?”

“दार जाड आहे. त्यात तू बोंबलतोयस. तिला सांग, गच्चीवर जा, मशीनरूमचं दार उघडं आहे.”

मग गच्चीवर जायचं कसं, लाल बटण की हिरवं, हे सगळं जिममार्फत झालं. घरातलं बंद पडलेलं टपालखातं लिफ्टमध्ये उघडलं म्हणायचं. शेवटी वर जायच्या आधी ती दाराला तोंड लावून आणखी काहीतरी बोलली. जिम एकदम गप्प झाला.

“आता काय म्हणाली?”

“कुठे काय. जाते म्हणाल्या.”

“एवढं लांबलचक?”

“जाते, असं सावकाश म्हणाल्या.”

थोड्या वेळाने लिफ्ट हलली. दार उघडलं तेव्हा बाहेर सिस्टर उभ्या होत्या, ठरलेली वेळ चुकवून नुकत्याच जिना चढून धापा टाकत आलेल्या. जिम डबा विसरून जिन्याने पळाला.

त्या दिवशी बायको जेवताना लिफ्टवाल्यांकडे रोखून बघत राहिली. मग फोन लावला मुलीला, स्पीकरवर. “तुझ्या बाबांना सांग, उद्या माझ्या क्लिनिकला या. कान तपासायचेत.”

“माझे कान ठणठणीत आहेत,” हे फोनला म्हणाले.

“बाबा, फोनवर मलाही एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागते,” मुलगी म्हणाली. “जा ना.”

---

बायको कान तपासायच्या क्लिनिकमध्ये कामाला. दिवसभर लोकांना काचेच्या केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून मशीनवर बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लिफ्टवाल्यांनी तिला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. पांढरा कोट, केस वर बांधलेले, हालचालीत कसलीही घाई नाही. एका चिडक्या आजोबांना तिने दोन वाक्यांत असं लोणी केलं की ते जाताना तिलाच आशीर्वाद देऊन गेले. लिफ्टवाले खुर्चीत बसून बघतच राहिले. ही बाई आपल्या घरी राहते?

केबिनचं जाड दार लागलं आणि कानांत एकदम, अगदी मेंदूला चिकटून, तिचा आवाज आला. “घाबरू नका. शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. अगदी बारीक आली तरी करा.”

इतक्या जवळून तिचा आवाज कधी आला होता, तेच आठवेना. लिफ्टवाल्यांच्या मानेवर काटा आला. शिट्टी सुटायच्या आधीच त्यांनी बोट वर केलं.

“अजून काही सोडलेलं नाही,” आवाज म्हणाला.

मग परीक्षा सुरू झाली आणि लिफ्टवाल्यांमधला जुना उपद्व्यापी जागा झाला. त्यांच्या लक्षात आलं की काचेपलीकडे तिचा हात बटणावर गेला की शिट्टी येते. मग ऐकायचंय कशाला? हात हलला की बोट वर, हात हलला की बोट वर. शंभरपैकी शंभर! त्यांनी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. बायकोने हात उचलला, बटणाला न लावता हवेतच फिरवला. यांचं बोट वर.

दार उघडून ती आत आली. खांदे धरून तिने खुर्चीसकट त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. “रोज असे चार येतात,” एवढंच म्हणाली. पण तिच्या आवाजात हसू होतं, हे त्यांना ओळखू आलं.

भिंतीकडे तोंड केल्यावर मात्र बोट फारसं वर गेलंच नाही.

तिने कागद पुढे धरला. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे धबाधब खाली उतरलेली. “हे बघा. जाडे आवाज येतात. बारीक आवाज गेलेत. मशीनरूममध्ये कान उघडे ठेवून वर्षं काढलीत ना, त्याचं हे फळ. स, श, फ, ह, हे उच्चार तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.”

लिफ्टवाले त्या रेघेकडे बघत राहिले. “ह येत नाही?”

“नाही.”

“म्हणजे तू ‘अहो’ म्हणालीस तर मला...”

“ओ ऐकू येईल.”

लिफ्टवाल्यांनी त्या उतरत्या रेघेवरून बोट फिरवलं.

“मला वाटायचं, तू मला ओ म्हणतेस,” ते शेवटी म्हणाले. “रिक्षावाल्यासारखं. म्हणून मी वळायचो नाही.”

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. “आणि मला वाटायचं, मुद्दामच वळत नाहीत. पाठीमागून हाका मारायच्या, माणूस आपला वर्तमानपत्र वाचतोय. भिंतीला किती दिवस अहो म्हणायचं? लाज वाटायला लागली मला. मग सोडून दिलं.” तिने डोळ्याचा कोपरा कोटाच्या बाहीला पुसला आणि लगेच कामाला लागली. “बसा सरळ. मशीन लावून बघू.”

कानांमागे शेंगदाण्याएवढी दोन मशीनं बसली. खोली एकदम जागी झाली. एसी सुस्कारे टाकत होता, कुठेतरी कागद सळसळला, तिच्या बांगड्या! बांगड्या वाजतात, हे ते विसरूनच गेले होते.

ती त्यांच्या पाठीमागे, पार दाराजवळ जाऊन उभी राहिली. “मी हळू बोलते. ऐकू येईल ते म्हणून दाखवा. सशाचं पिल्लू.”

“सशाचं पिल्लू.”

“फाटकी पिशवी.”

“फाटकी पिशवी.”

“अहो.”

“अहो.”

मग अगदी कुजबुजल्यासारखं, “अरे.”

“अ... अरे.”

“अरे वेड्या.”

“अरे वेड्या,” लिफ्टवाले म्हणाले, आणि गर्रकन वळले. “हे सगळ्यांनाच म्हणायला लावतेस?”

“काहीतरीच काय!” ती लाजली. पांढऱ्या कोटातली, पन्नाशीला टेकलेली, केसांत चार रुपेरी तारा असलेली त्यांची बायको चक्क लाजली. “काल लिफ्टच्या दारातून घसा फोडून हेच सांगत होते. म्हटलं, अरे, घाबरू नकोस, मी आहे. तर आतून हूं नाही की चूं नाही. मी अगदी दाराशी, तुम्ही दोन हातांवर. तेव्हाच समजले, कानांचं काहीतरी आहे.”

लिफ्टवाले ताडकन उभे राहिले. “अरे म्हणालीस? जिमसमोर?”

“हो. का?”

“म्हणजे मी जिंकलो!”

जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता. नवीन मशीनातून स्वतःचाच आवाज केवढा मोठा आला!

तिच्या चेहऱ्यावरची लाज हळूहळू मावळली. “काय जिंकलात?”

म्हणालात, आलात, जिंकलात. आदराचं ते ‘लात’ लाथेसारखं बसतं, हे लिफ्टवाल्यांना त्या दिवशी समजलं. मग पैज, शर्ट, पातेली, टायमर, सगळं ओकावं लागलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे मी जिन्याने चार मजले धावले ते तुमच्या गमतीसाठी. मशीनं आठवडाभर घालून बघायची. आंघोळीला काढायची.” आणि बाहेर तोंड करून म्हणाली, “पुढचे कोण आहेत?”

---

पुढचे काही दिवस वाईट गेले. आधी निदान शांतता ऐकू येत नव्हती. आता ऐकू यायची. भांडी कशी आदळतात, चपला कशा रागाने फरफटतात, सुस्कारे किती प्रकारचे असतात, सगळं ज्ञान झालं. आणि एक गोष्ट अशी ऐकली की लिफ्टवाले बूट घालता घालता थांबले. बायको स्वयंपाकघरात गुणगुणत होती. कसलंसं जुनं, अर्धवट. हे दारात गेले तशी ती थांबली. किती वर्षं गुणगुणत होती कोण जाणे.

एकदा ती मुलीशी फोनवर बोलत होती, आतल्या खोलीत, दार लोटून. लिफ्टवाले बाहेर बसलेले. तिला सवयच नव्हती यांना ऐकू येण्याची.

“अगं, राग पैजेचा नाही. पैज काय, त्या जिमभाऊजींची पोरकट बुद्धी. पण इतक्या वर्षांनी वाटलं, चला, यांना मी नकोशी नव्हते, ऐकूच येत नव्हतं. मला रडूच यायला लागलं होतं. आणि पुढच्या मिनिटाला म्हणतात, मी जिंकलो! म्हणजे ती हाक माझी नव्हतीच. जिमभाऊजींना दाखवायला हवी होती.”

ती बाहेर आली तर हे समोर उभे.

“ऐकलं मी.”

“चोरून?”

“चोरून नाही. मशीनने. तूच लावलंयस.” लिफ्टवाल्यांनी घसा खाकरला. लिफ्टच्या दारातून अनोळखी लोकांना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोशी बोलताना घाम फुटला होता. “मला जिमला दाखवायचं नव्हतं गं. मला बघायचं होतं, मी अजून आहे की नाही. तुझ्यासाठी. मी सांगून टाकतो खाली, हरलो म्हणून.”

“हरा नाहीतर जिंका. मला काय त्याचं,” ती म्हणाली. पण ते हवेत नव्हतं. त्यांच्याकडे बघून म्हणाली.

---

महिना संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. पार्किंगमध्ये गर्दी जमली. बातमी जिमनेच पसरवली होती. लिफ्टवाले निळा शर्ट घालून खाली आले आणि म्हणाले, “हरलो.”

जिमच्या खोटेपणाचा बभ्रा त्यांना सहज करता आला असता. पण मग ती हाक साक्षीपुराव्यासारखी चारचौघांत उभी करावी लागली असती, आणि ते त्यांना नको होतं. त्यापेक्षा उठाबशा परवडल्या.

“वय?” सिस्टरांनी विचारलं.

“बावन्न. लपवायचंय काय त्यात?”

जिम दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. “धर कान! मी मोजतो!”

लिफ्टवाल्यांनी कान धरले आणि एक विचित्र गोष्ट झाली. कानावर हात गेला की ही मशीनं शिट्टी मारतात. पहिली उठाबशी, कुंईऽऽ. दुसरी, कुंईऽऽ. पोरं खदाखदा हसायला लागली. पाचवी, सहावी. लिफ्टवाले आपले चिकाटीने खाली, वर, खाली, वर, आणि प्रत्येक वेळी कुकरसारखी शिट्टी. कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं.

ही शिट्टी म्हणजे कानाच्या क्लिनिकमधल्या माणसाच्या काळजात सुरी. तिसऱ्या मजल्यावरची यांची बाल्कनी फाडकन उघडली.

“अरे! अरे ए! कान सोड आधी! मशीन वाजतंय कळत नाही का तुला, वेड्या?”

लिफ्टवाले अर्ध्यात खाली बसलेले, तसेच राहिले. मान वर. तिने तोंडावर हात ठेवला.

“ऐकलं का रे जिम?” सिस्टर म्हणाल्या.

“महिना काल संपला!” जिम किंचाळला. “आजचं धरायचं नाही! नियम म्हणजे नियम!”

“हे बाकी खरं,” सिस्टर म्हणाल्या.

बाल्कनी बंद झाली. चपला जिन्याने खाली आल्या, फटाफट, लिफ्टची वाटही न बघता. ती येऊन थेट जिमसमोर उभी राहिली.

“भाऊजी, त्या दिवशी लिफ्ट अडकली तेव्हा मी वर जाण्याआधी दारातून काय म्हणाले?”

“मला... नीट ऐकू आलं नाही, वहिनी.”

“लाल बटण ऐकू आलं, हिरवं ऐकू आलं, आणि तेवढंच नाही आलं? मग या उद्या क्लिनिकला. केबिनमध्ये बसवते. दार चांगलं घट्ट लागतं, खिडकी नाही.”

जिमने एकदा गेटाकडे पाहिलं. गेटात पोरं उभी होती. “अरे म्हणालात,” तो पुटपुटला.

“मोठ्याने!” सिस्टर गरजल्या.

“अरे म्हणाल्या! अरे, घाबरू नकोस, मी आहे, असं म्हणाल्या! बास?”

जो काही गलका झाला म्हणता! जिमला चार जणांनी धरून मध्ये आणलं. लिफ्टवाले गुडघे चोळत उठायला लागले, तर बायकोचा हात खांद्यावर पडला. तिने त्यांच्या दोन्ही कानांमागची मशीनं अलगद काढून पदराच्या टोकात बांधली आणि कानाशी तोंड नेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तू का थांबलास? माझ्यावर पैज लावलीस ना? तुझ्या राहिलेल्या काढ. मी मोजते.”

“काढतो ना!” लिफ्टवाले म्हणाले, आणि एवढ्या आनंदाने कान धरून उठाबशा काढणारा माणूस त्या पार्किंगने आजवर पाहिला नव्हता. ती प्रत्येक आकड्याला ओरडत होती. “अरे, नीट वाक! अरे, पाठ सरळ! अरे, फसवू नकोस!” आणि हे ऐकू आलं नाही असं दाखवून तिच्याकडून एकेक दोनदा म्हणवून घेत होते.

शेजारी जिम घामाघूम. केसांतला काळा रंग कपाळावरून ओघळून बनियनवर उतरला होता. कसाबसा अठ्ठेचाळिसाव्याला पोहोचला आणि हात झटकून उभा राहिला. “झालं! फिटली पैज!”

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्याच्या बायकोने डोकं बाहेर काढलं. हातात विणकाम होतं, ते तिने थांबवलंही नाही.

“राजा,” ती गोड आवाजात म्हणाली, “अजून तेरा.”

पार्किंग क्षणभर बेरीज करत राहिलं. मग जो हशा पिकला, त्यात कोणाच्या तरी स्कूटरचा अलार्म वाजायला लागला.

जिम बसला. उठला. बसला. एकसष्टाव्याला खाली बसला तो काही केल्या उठेना. कान हातात, डोळे मिटलेले, सगळा काळा रंग आता गळ्यापर्यंत.

सिस्टर खुर्चीतून उठल्या. “गुडघे धरले वाटतं. थांब, घरात जाऊन सुई घेऊन येते.”

तसा जिम उठला.